माहेरचं पाणी

आमच्या आजीला शहरातलं पाणी कधी गोड लागलं नाही. तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरच्या डोंगराखाली. माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण. पावसाचं पाणी जांभ्याच्या भेगांतून झिरपायचं आणि पाषाणाला अडून उंबराच्या मुळाशी झरा होऊन फुटायचं. वरच्या कुंडात पिण्याचं, मधल्यात धुणं, खाली डोणीवर गुरं. झऱ्याच्या वरल्या उतारावर कुणी परसाकडे गेलं, तर म्हातारे काठी घेऊन धावत.

हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा फडका हवाच. नवं कापड आजीला चालत नसे. वापरून मऊ झालेलंच दाट गाळतं, म्हणायची. पुढे रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशातल्या खेड्यांत हेच करून पाहिलं. जुन्या साडीची घडी करून पाणी गाळलं, तिथे पटकी जवळजवळ निम्म्याने घटली. २००३ साली ते छापून आलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात, ते जीव फडक्यात अडकतात. सुटे जंतू मात्र आरपार जातात.

तसेच गेले असावेत. आजी परकरी असताना वाडीत पटकी आली. साल तिला आठवत नसे; नाचणीची लावणी चालली होती, एवढंच. धाकटा भाऊ सकाळी पेज प्यायला आणि दिवेलागणीला गेला. पहिल्या पावसात उतारावरचं शेण, घाण भेगांतून सरळ झऱ्यात उतरते, गाळली जायला वाटेत माती फारशी नसतेच. पाणी मात्र दिसायला नितळ, प्यायला थंडगार. गावाने देवीला बकरं दिलं.

त्या साथीत आधी ओस पडली ती गावकुसाबाहेरची घरं. हे सांगताना आजीचा आवाज उतरायचा. त्या बायकांना कुंडाला हात लावू देत नसत. त्या डोणीखालचा ओहोळ भरून नेत. गुरांनी घाण केलेलं पाणी! डोंगराखालच्या महाडात २० मार्च १९२७ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं. माणसाच्या ओंजळीची भीती, शेणाची नाही. मला याचा अजून संताप येतो.

झरा आजही वाहतो. मामेभावाची सून पावसाळ्यात तपासणीच्या बाटलीत त्याचं पाणी भरून ठेवते. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की एक-दोन दिवसांत बाटली काळी पडते. यंदा पडली. उंबराच्या वर कुणा मुंबईकराचा बंगला झालाय, त्याचा शोषखड्डा ऐन उतारावर आहे. तिने ग्रामसभेत तो हलवायची मागणी लावून धरलीय. तोवर घरात पाणी खळखळा उकळूनच प्यायचं, पाहुण्यांनीसुद्धा. गणपतीत थोरले मामा कुरकुरले, झऱ्याची चव गेली म्हणाले. तिने त्यांच्यापुढे ती बाटलीच आणून ठेवली.