आकडे चालू लागतात तेव्हा: विद्यार्थ्यांचा गट ॲनिमेटेड इन्फोग्राफिक कसा बनवतो?

एखाद्या विषयाची आकडेवारी चित्रे, नकाशे आणि आलेखांतून मांडली की तिला इन्फोग्राफिक म्हणतात. तीच चित्रे हलती करून त्यांना निवेदनाची आणि ध्वनीची जोड दिली की ॲनिमेटेड इन्फोग्राफिक तयार होते. डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांत हा प्रकल्प बहुतेक वेळा गटाला दिला जातो. चार-पाच जण, काही आठवडे आणि शेवटी साधारण दीड मिनिटाची फिल्म. दीड मिनिट किरकोळ वाटते. पण सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने त्या २,२५० फ्रेम होतात. त्या सगळ्या हाताने काढाव्या लागत नाहीत, मधल्या बऱ्याचशा सॉफ्टवेअर भरते. मात्र कोणती वस्तू कुठून निघून कुठे जाईल, हे माणसालाच ठरवावे लागते. हा निर्णय दिसतो तितका निरुपद्रवी नसतो, कारण पडद्यावरची हालचाल प्रेक्षक घडलेली गोष्ट म्हणून पाहतो.

एका उदाहरणावरून पाहू

समजा, एका गटाने ‘महाराष्ट्राचे शहरीकरण’ हा विषय घेतला. राज्य १९६० मध्ये स्थापन झाले, त्यामुळे १९६१ची जनगणना ही राज्याची पहिली. तेव्हा लोकसंख्या सुमारे ३.९६ कोटी होती. २०११ मध्ये ती ११.२४ कोटी झाली. शहरी लोकसंख्येचा वाटा २८ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेला. गटाच्या डोक्यात पहिले चित्र काय येईल, हे सांगायला नको: डावीकडे खेडे, उजवीकडे इमारती आणि डोक्यावर गाठोडे घेऊन डावीकडून उजवीकडे जाणारी रांग. खेडे हळूहळू रिकामे होते, दिवे विझतात, मागे उदास बासरी.

चित्र प्रभावी आहे, पण आकडे ते सांगत नाहीत. १९६१ मध्ये राज्याच्या ग्रामीण भागात २.८४ कोटी लोक होते, २०११ मध्ये ६.१६ कोटी. म्हणजे खेड्यांतली माणसे कमी झाली नाहीत, दुपटीहून अधिक झाली. शहरांतली मात्र १.१२ कोटींवरून ५.०८ कोटींवर, म्हणजे साडेचार पटींवर गेली. कमी झाला तो ग्रामीण वाटा, ग्रामीण माणसे नव्हेत. शिवाय शहरी आकडा केवळ स्थलांतराने वाढत नाही. शहरात मुले जन्मतात. आणि एखाद्या मोठ्या गावाची लोकसंख्या, घनता व शेतीबाहेरचा रोजगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जनगणना त्याच गावाची गणती शहरात करते. अशा गावातला माणूस घर न सोडता ‘शहरी’ होतो. गाठोडेवाल्या रांगेत त्याला जागा नाही.

याच आकडेवारीत उलट दाखलेही सापडतात. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या खरोखर घटली. पण त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली. कोकणावर फिल्म करणाऱ्या गटाला रिकाम्या होणाऱ्या घराचे चित्र वापरता येईल. पूर्ण राज्यावर करणाऱ्याला नाही. म्हणून स्टोरीबोर्ड काढण्याआधी एक साधा तक्ता करणे उपयोगी पडते: एका रकान्यात दृश्यातली हालचाल, दुसऱ्यात ती कोणत्या आकड्यावर उभी आहे आणि तिसऱ्यात तो आकडा कोणत्या वर्षाचा व कुठून घेतला. दुसरा रकाना रिकामा राहिला की ते दृश्य गाळायचे.

चित्र मोठे करावे की चित्रे वाढवावीत?

हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. ऑस्ट्रियाचे समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराथ यांनी १९२५ मध्ये व्हिएन्नात सामाजिक आणि आर्थिक विषयांचे संग्रहालय सुरू केले. मारी रायडेमाइस्टर आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ यांच्यासह तिथे विकसित झालेली चित्रपद्धती पुढे ‘आयसोटाइप’ नावाने ओळखली गेली. तिचा मुख्य नियम असा की, संख्या जास्त असेल तर चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह जास्त वेळा काढायचे.

वरच्याच उदाहरणात याचे कारण दिसते. राज्याची लोकसंख्या ५० वर्षांत २.८४ पट झाली. ती दाखवायला माणसाची आकृती २.८४ पट उंच केली, तर प्रमाण राखण्यासाठी ती तितकीच रुंदही होते आणि पडद्यावरचे क्षेत्रफळ आठपट होते. प्रेक्षक उंची मोजत नाही, त्याला आकार दिसतो. त्याऐवजी एक आकृती म्हणजे एक कोटी धरून आधी चार आणि नंतर अकरा आकृत्या दाखवल्या, तर फसगत होत नाही. ॲनिमेशनमध्ये आकृती फुगवणे फार सोपे असते, त्यामुळे हा मोह जास्त.

हलत्या आकड्यांचे सर्वांत गाजलेले उदाहरण स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांचे. २००६च्या टेड व्याख्यानात त्यांनी देशांचे बुडबुडे पडद्यावर सरकवले आणि क्रीडा समालोचकाच्या उत्साहाने त्यांचे वर्णन केले. मोठा बुडबुडा म्हणजे मोठी लोकसंख्या आणि मागे ठळक अक्षरांत पुढे सरकणारे वर्ष. अक्ष ठरलेले होते, त्यामुळे बुडबुडा सरकला म्हणजे त्या देशाचा आकडा बदलला. निव्वळ शोभेची हालचाल त्यात जवळजवळ नव्हती.

आधी आवाज, मग चित्र

नवखे गट बहुधा थेट सॉफ्टवेअर उघडतात. जाणकार आधी निवेदन लिहितात. आरामात ऐकता येईल अशा मराठीत दीड मिनिटात साधारण दीडशे ते पावणेदोनशे शब्द बसतात. तेवढ्यात फार तर तीन-चार आकडे मावतात. बाकीचे कितीही रंजक असले तरी सोडावे लागतात. गटात खरी भांडणे होतात ती इथेच, कारण आकडा ज्याने शोधलेला असतो त्याला तो सोडवत नाही.

लिहिलेले निवेदन मोबाइलवर कच्चे ध्वनिमुद्रित करून त्याखाली स्टोरीबोर्डची साधी चित्रे लावली की ॲनिमॅटिक तयार होते. दृश्य किती वेळ टिकते आणि कुठे घाई होते, हे यातच कळते. ॲनिमॅटिकमध्ये एक वाक्य बदलायला काही मिनिटे लागतात. ॲनिमेशन पूर्ण झाल्यावर तेच वाक्य बदलायचे तर पुढचे सगळे दृश्य सरकते. ॲनिमॅटिक विषयाशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना दाखवून ‘काय समजले?’ एवढेच विचारावे. ‘आवडले का?’ या प्रश्नाला मित्र हमखास हो म्हणतात.

मोठा आकडा आला की तो पडद्यावर थोडा थांबायला हवा. निवेदक एक बोलतो आहे, पडद्यावर दुसरे वाक्य आहे आणि बाजूला आलेख वाढतो आहे, अशा वेळी प्रेक्षक तिन्ही गमावतो.

देवनागरीची स्वतःची गणिते

शिकवणीचे बरेच व्हिडिओ इंग्रजी अक्षरे धरून बनवलेले असतात. त्यांत अक्षरे एकेक करून उड्या मारत येतात. तीच क्लृप्ती ‘शिक्षण’ किंवा ‘महाराष्ट्र’ या शब्दांवर वापरली, तर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जाऊ शकते, जोडाक्षर फुटू शकते. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. म्हणून मराठी मजकूर पूर्ण शब्दाने किंवा पूर्ण ओळीने हलवणे बरे. आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा मजकूर-पर्याय सुरू आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासावे. दोन ओळींत अंतरही जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट मोफत वापरता येतात आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात.

दुसरी अडचण एककांची. परदेशी अहवालांत मिलियन-बिलियन असतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. रात्री उशिरा हे रूपांतर करताना एक शून्य सहज निसटते, म्हणून ते दुसऱ्याने तपासावे.

कामाची वाटणी

संशोधन, लेखन, चित्रे, ॲनिमेशन, ध्वनी अशी वाटणी कागदावर नीट दिसते. प्रत्यक्षात पहिले दोन आठवडे ॲनिमेशन करणारा मोकळा असतो आणि शेवटच्या आठवड्यात सगळे त्याच्या खुर्चीमागे उभे असतात. एकच दृश्य सुरुवातीला पूर्ण करून पाहिले तर एका दृश्याला किती तास लागतात ते कळते आणि बाकीची दृश्ये दोघांत वाटता येतात. त्यासाठी रंग, रेषेची जाडी आणि हालचालीचा वेग आधी ठरलेला हवा. चित्र काढणाऱ्याने हलणारा प्रत्येक भाग वेगळ्या लेयरवर ठेवून त्याला नाव द्यायला हवे. ‘लेयर ४७’मध्ये उजवा हात शोधण्यात संध्याकाळ जाते. परवाना परवडत नसेल तर इंकस्केप, ब्लेंडर आणि ऑडॅसिटी या मोफत साधनांवरही पूर्ण फिल्म होते.

संगीत शेवटी येते आणि त्याच्या वापराचा परवाना आधी वाचावा लागतो. अंतिम फाइल काढण्यापूर्वी फिल्म एकदा मोबाइलवर आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून ऐकून तपासतात. लाल-हिरव्याचा फरक न दिसणाऱ्या प्रेक्षकासाठी आलेखाच्या रेषांवर नावे आहेत का, तेही पाहतात. आकड्यांचा स्रोत आणि वर्ष शेवटच्या पाटीपुरते न ठेवता आकड्यासोबतच दिसायला हवे. २०२१ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे ‘२०११’ हा आकडा पडद्यावर नसेल, तर प्रेक्षक ११.२४ कोटी ही आजची लोकसंख्या समजून बसेल.