जुनी गाडी, नवा हौदा

इतिहास म्हटला की आपण कोल्हापूरकर लगेच पन्हाळ्याकडे बोट दाखवतो. मोटारींच्या इतिहासाचेही तसेच आहे. दसऱ्याच्या दिवशी दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक मोटार येते, आणि ती पाहण्यासाठी आपण मुलाबाळांना घेऊन ताटकळत उभ्या राहतो. राजाराम महाराजांच्या काळातली ती जर्मन मोटार देखणी आहे यात शंका नाही. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, पत्रा चेपलेल्या, मागे ताडपत्री बांधलेल्या मालाच्या गाडीलाही काही पूर्वज असतील की नाही? आपल्यापैकी कितीतरी जणींचा संसार त्या गाडीवर चालतो. आमचाही चालतो. म्हणून चिटणीसबाईंनी लेख मागितला तेव्हा मी हाच विषय घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषा घरगुती असेल, ती भगिनींनी चालवून घ्यावी.

आधी परदेशातली हकीकत सांगते, कारण पिकअप हे वाहन तिकडून आले. अमेरिकेत हेन्री फोर्डने मॉडेल टी नावाची मोटार १९०८ साली काढली. ती माणसे बसण्यासाठी होती. पण शेतकऱ्याला माणसांपेक्षा पोती न्यायची घाई. मग मागचा भाग काढून तिथे फळ्यांची पेटी ठोकण्याचा उद्योग गावोगावच्या सुतार-लोहारांनी सुरू केला. लोक काय करतात हे पाहून १९२५ साली फोर्ड कंपनीनेच मागे पेटी बसवलेली गाडी विकायला काढली. तिची किंमत २८१ डॉलर होती. म्हणजे जुगाड आधी आणि कारखाना नंतर, असा तो क्रम आहे.

दुसरी हकीकत ऑस्ट्रेलियाची, ती तर आपल्या मंडळात सांगण्यासारखीच आहे. १९३० नंतरची मंदी होती. तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र घातले, असे सांगतात. तिचे म्हणणे एवढेच की, रविवारी नीटनेटके बसून चर्चला जाता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजाराला नेता येतील, अशी एखादी गाडी का काढत नाही? दोन गाड्या घेण्याची ऐपत कुणाची नव्हती. ल्यू बँट नावाच्या तरुण कारागिराने पुढे मोटारीसारखी बैठक आणि मागे सलग जोडलेला हौदा अशी गाडी आखली, आणि १९३४ साली ती कारखान्यातून बाहेर पडली. त्या बाईचे नाव काही इतिहासात राहिले नाही. कारागिराचे राहिले.

आपल्याकडे या गोष्टीला खरा वेग आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लढाईसाठी अमेरिकेने लाखोंनी जीपा बनवल्या होत्या, शिवाय मालाच्या लॉऱ्या वेगळ्या. १९४५ साली लढाई संपली आणि हे सारे सामान जिथल्या तिथे पडून राहिले. सरकारने ते लिलावात काढले. जुने लोक अजूनही ‘डिस्पोजलचा माल’ म्हणतात तो हाच. फिलिपिन्स देशात लोकांनी लष्करी जीपा घेतल्या, त्या लांबवल्या, दोन्ही बाजूंना बाके टाकली, वर छत घातले, रंगरंगोटी केली आणि उतारू वाहतूक सुरू केली. त्या जीपनींचे फोटो पाहिले की मला आपल्याकडचे वडाप आठवते. तीच बाके, तीच दाटी. फक्त मागे लटकलेल्या माणसाच्या डोक्यावर गांधी टोपी!

नव्या गाड्यांचे कारखानेही त्याच सुमारास आपल्या देशात उभे राहू लागले. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जीपा जोडायला सुरुवात केली. टाटांच्या मालमोटारी जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५४ पासून निघू लागल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली. पण नवी गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात तेव्हाही नव्हती. म्हणून जुनी घ्यायची आणि आपल्या कामाजोगी करून घ्यायची, ही रीत पडली.

या रीतीला आपल्या गावाचे हात चांगलेच वळलेले होते. बाबूराव पेंटरांचेच पाहा ना. परदेशी कॅमेरा मिळेना, तर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. बाबूराव मिस्त्री घराण्यातले. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्रीच. पुढे शेतीच्या पंपांसाठी ऑईल इंजिने आली, ती दुरुस्त करता करता इथले कारागीर ती घडवू लागले, त्यातून ओतकामाचे कारखाने वाढले. शिवाजी उद्यमनगरात आज फिरले तरी एका गाळ्यात लेथ, दुसऱ्यात वेल्डिंग, तिसऱ्यात कमानपाटे, चौथ्यात सीटकव्हर अशी रांग दिसते. गाडी एका टोकाने आत गेली की दुसऱ्या टोकाने वेगळीच होऊन बाहेर येते, असे आमचे हे म्हणतात.

आणि जी गाडी पार मेली तिचेही काही वाया जात नाही. ऊस ओढणाऱ्या बैलगाड्यांना आपण डनलॉप गाडी म्हणतो ना, त्यांतल्या कितीतरींच्या खाली मोडीत निघालेल्या मोटारीचा आस आणि चाके असतात. लाकडी चाकाला लोखंडी धाव असलेली गाडी चिखलात रुतायची. रबरी टायर आले आणि त्याच बैलजोडीला जास्त ऊस ओढता येऊ लागला. बैलांचे हाल त्यामुळे कमी झाले की वाढले, हे मात्र बैलांनाच विचारावे लागेल.

‘टेम्पो’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो मराठीच वाटतो. तो जर्मनीतल्या एका कंपनीच्या गाडीचा छाप आहे. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि तीन चाकी टेम्पो रस्त्यावर आला. मग मॅटॅडोर आली. २००५ साली टाटांची ‘एस’ आली, तिला लोकांनी लगेच छोटा हत्ती करून टाकले. त्याच वर्षी बजाज टेम्पो कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केले; पण आपल्या तोंडून टेम्पो काही गेला नाही.

आता प्रत्यक्ष जुनी पिकअप घेण्याची रीत सांगते, कारण इतिहास इथे घरात येतो. आमची गाडी आम्ही सव्वादोन लाखांना घेतली. त्यातले बरेचसे पैसे माझ्या पाटल्या गहाण टाकून उभे केले. गाडी पाहायला मंडळी जातात ती इंजिनचा आवाज ऐकतात, धूर पाहतात, टायरला लाथ मारतात. तेही पाहावेच. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर झाल्यापासून जाणते मिस्त्री बैठकीखालचा गालिचा उचलून गाळ बसला आहे का तेही पाहतात. कारण पुरात बुडालेल्या गाडीची वायरिंग पुढे कधी दगा देईल याचा नेम नसतो. पण मी कागद मागितले. आर. सी. ला आपण अजून पुस्तक म्हणतो, ते आता कार्ड झाले आहे. एका दलालाने आणलेली पहिली गाडी रंगाने झकास होती. कार्डावर मात्र कर्जाचा बोजा तसाच होता. ‘तो उतरवून देतो वहिनी, आधी पैसे द्या,’ असे तो म्हणाला. आम्ही पैसे दिले नाहीत. दुसरी घेतली, ती रंगाने फिकी पण कागदाने स्वच्छ होती.

त्या कार्डावर आणखी दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन, दुसरे भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन. मोठ्यातून लहान वजा केले की गाडीत काय भरता येईल ते निघते. त्यातच ड्रायव्हरचेही वजन आले. हे गणित तिसरीतल्या मुलीला येईल. पण गुळाचे रवे भरताना हमखास विसरले जाते.

गाडी घरी आली की तिला धंद्याप्रमाणे कपडे शिवायचे. भाजीवाल्याला क्रेट लावता येतील अशा उंच जाळ्या हव्यात. दूधवाल्याला कॅन घसरू नयेत म्हणून आडवे पाइप. कोंबड्यांना हवा लागते म्हणून पिंजरे. गुळाला पावसाळी दमट हवा सोसत नाही, त्याला पाणी सुटते. म्हणून वर कमानी, त्यावर ताडपत्री, आणि खाली फळ्या. मागचा फाळका बायकांच्या हाताला हलका हवा, हे मी सांगितले तेव्हा वेल्डर हसला. पण माल उतरवायला रोज मीच असते.

मग येतो तो पाट्यांचा प्रश्न. ‘दोन पाटे वाढवा, अडीच टन घाला’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मिस्त्रींनी सांगितलेले मला पटले ते असे. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, हे खरे; पण ब्रेक तेवढेच राहतात, आस तेवढाच राहतो, चेसिस तेवढीच राहते. गाडी बसत नाही म्हणून जास्त भरले हे डोळ्यांना दिसत नाही, इतकाच फरक. आणि बोजा मागच्या चाकांच्या पलीकडे गेला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग हातात राहत नाही. गगनबावड्याच्या घाटात उतरताना हे कळून उपयोग नसतो. आम्ही झिजलेले पाटे बदलले, वाढवले नाहीत.

कायदाही आता पूर्वीइतका सैल नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे ठरले. सी. एन. जी. ची टाकी बसवायची तर ती मान्यतेची हवी व तिची नोंद आर. टी. ओ. त व्हायला हवी.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावची, गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सामान जोडून सुमारे ६०,००० रुपयांत एक छोटी जीप तयार केली. मोटारसायकलसारखी लाथ मारून ती सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले; पण नियमात बसत नाही म्हणून ती आज ना उद्या थांबवली जाईल, असेही म्हटले, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. घरच्या जीपेवर माया होती, तेव्हा हो म्हणणे त्या कुटुंबाला जड गेले. मला त्यात आनंद वाटला आणि थोडे वाईटही. ज्या हातांनी बाबूरावांचा कॅमेरा केला त्या जातीचे हे हात. पण त्याच रस्त्याने माझा मुलगाही सायकलवरून शाळेला जातो, तेव्हा ब्रेक तपासलेले असावेत असेही मला वाटते. ही दोन्ही मते मी एकाच वेळी धरून आहे.

माणसे भरण्याबद्दल मात्र माझ्या मनात दुमत नाही. लग्नाचे वऱ्हाड, भांगलणीच्या बायका, जत्रेचा मेळा, सगळे हौद्यात उभे राहून जातात. मालाच्या गाडीत मालाबरोबर त्याचा मालक किंवा त्याचा माणूस बसू शकतो, वऱ्हाड नव्हे. अपघात झाला तर विमा हात वर करतो आणि भरपाई गाडीमालकाच्या घरावर येते. म्हणून आमची गाडी कुणी लग्नाला मागितली तर मी भांड्यांसाठी देते, माणसांसाठी नाही. त्यावरून दोन नातलग रुसले आहेत.

शेवटी नावाची बाब. जुनी गाडी विकली, पैसे मिळाले, म्हणून काम संपत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलेपर्यंत कार्डावरचाच माणूस मालक ठरतो, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईलाही तोच जबाबदार धरला. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. हे फॉर्म भरायला आर. टी. ओ. त गेलो, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने मालकाचे नाव विचारले. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. पाटल्या माझ्या होत्या, तर नावही माझेच लागले. विमा, पासिंग, कर, सगळे आता माझ्या नावाने येते आणि माझ्या डब्यात राहते. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते. आमचे श्रावणात आहे. फाळक्याची एक बिजागरी तेवढी त्याआधी बदलून घ्यायची आहे.