नाणेघाटातील आकडे आणि जपानी कांजी

कसाऱ्याहून थळ घाट चढणाऱ्या आगगाड्या आम्हांला नित्याच्या. परंतु सातवाहनांच्या काळी सोपारा व कल्याण बंदरांतला माल जुन्नरकडे जाई तो मुरबाडच्या बाजूने, नाणेघाट चढून. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापण यांचा त्यात हिशेब मांडला आहे. हिशेब म्हटला की आकडे आलेच.

ब्राह्मीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. जपानी लोकांची ‘कांजी’ पाहावी तर तेथेही तेच! (आपल्या पेजेच्या कांजीशी या शब्दाचा संबंध नाही, ‘कांजी’ म्हणजे हान लोकांची, अर्थात चिनी, अक्षरे.) चीनमध्ये सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी हाडांवर व कासवाच्या कवचांवर ही अक्षरे कोरली जात, पुढे ती कोरियामार्गे जपानात गेली. सेमिनरीत लॅटिन ग्रंथ चाळताना आम्हांला भेटलेल्या रोमन आकड्यांत या रेघा उभ्या आहेत, एवढाच फरक. येथे कोणी कोणाचे उसने घेतले हा वाद आम्हांला व्यर्थ वाटतो. एक रेघ ओढायला गुरू लागत नाही.

मोठ्या संख्यांतील साम्य मात्र विचार करण्याजोगे आहे. नाणेघाटच्या लेखात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. १,७०० गायी लिहिताना आधी हजाराचे चिन्ह येते, मग सातचा आकडा जोडलेले शंभराचे. कांजीतही ‘हजार, सात, शंभर’ असेच लिहितात. बोलण्याचा क्रम तोच लिहिण्याचा क्रम.

फरक पडला तो वाचणाऱ्यांत. जपानी मुलाला हे आकडे आजही शाळेत शिकवतात. आमच्याकडे ब्राह्मीतूनच देवनागरी आणि मोडी जन्मली, तरी मूळ लिपी वाचणारा शतकानुशतके कोणी उरला नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली. नाणेघाटचे आकडे लावले ते पुढे जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींनी. या विद्वानाचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते.

दोन आडव्या रेघा हात न उचलता झरझर लिहून पाहाव्यात. आपला २ कसा घडला हे ध्यानात येते. तीन रेघांचा तसाच ३ झाला. हेच आकडे अरबांमार्फत युरोपात पोहोचले.

लेण्यातील लेखाचा बराच भाग आता झिजला आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. मूर्तींच्या वर कोरलेली नावे मात्र वाचता आली, आणि म्हणूनच त्यांत राणी नागनिका व राजा सातकर्णी होते हे आज कळते.