नागपुरी लुगड्याचा कांठ

समुद्रापासून नागपूर फार दूर. हिंदुस्थानच्या मध्यावर आपण आहों, याची खूण म्हणून येथें झिरो माईलचा खांब दाखवितात. आणि ज्याला आज जागतिकीकरण म्हणतात तें बंदरांच्या शहरांवर येतें, आमच्यासारख्या आंतल्या मुलखाला त्याची झळ उशिरां व बेतानें लागते, अशी पुष्कळांची समजूत आहे. १९९१ सालीं देशानें आपले आर्थिक दरवाजे उघडले तेव्हांपासून या विषयावर जें लिहिलें-बोललें जातें, त्यांतही ही गोष्ट काल-परवांची असल्यासारखा सूर असतो. आमच्या मतें नागपुराची तिच्याशीं ओळख दीडशें वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा वृत्तांत कोष्ट्याच्या मागावर जितका स्पष्ट वाचतां येतो तितका दुसरीकडे कोठें नाहीं.

तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षीं डलहौसीच्या सरकारनें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जडजवाहीर लिलावांत गेलें, ही गोष्ट आमच्याकडे अजून हळहळीनें सांगतात. परंतु त्याच वेळीं कोष्ट्याचें जें नुकसान झालें तें सहसा कोणी सांगत नाहीं. दरबार म्हणजे पागोटीं, शेले, उपरणीं यांचें ठरलेलें गिऱ्हाईक. तें एका फर्मानानें नाहींसें झालें. १८५३ सालींच निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता. कापसाची सारी काळी जमीन अशी वर्ष-सव्वा वर्षांत त्यांच्या हातीं आली.

त्यापूर्वीं या मुलखाचा कापूस बाहेर जातच नव्हता असें नाहीं. बंजाऱ्यांचे तांडे तो बैलांवर लादून गंगेकांठच्या मिर्झापुरापर्यंत नेत. पण वाट लांबची. पाऊस आणि धूळ यांचा वांटा निघून उरे तो माल. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हां हिंगणघाट, अमरावती हीं नांवें लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडीं खेळूं लागलीं. भाव भडकले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव कोसळले. ज्या कुणब्यानें अमेरिकेचें नांवही ऐकलें नव्हतें, त्याचें घर तेथील लढाईनें वर आलें आणि तेथील शांततेनें खालीं बसलें. रेल्वे मात्र राहिली. १८६७ सालीं ती मुंबईहून नागपुरास पोंचली. गाडी कापूस घेऊन गेली, आणि परत येतांना रिकामी आली नाहीं.

या प्रांतांतील कापसाच्या व्यापाराकरितां सरकारनें त्या काळांत खास कमिशनर नेमला होता. त्या जागेवर असलेल्या रिव्हेट-कार्नाक यांनीं आपल्या अहवालांत जी आशा उघडपणें व्यक्त केली, ती वाचून आज मनुष्य थक्क होतो. त्यांचा हिशेब असा: रेल्वेचा फांटा झाला म्हणजे विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकतां येईल, मग येथें सुतासाठीं खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि सूत काढणारे व विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. यांत व्यक्तीचा दुष्टावा शोधूं नये. अधिकारी आपलें काम चोख करीत होता, एवढेंच. आणि दुष्टाव्यापेक्षां हा चोखपणाच आम्हांस अधिक भयंकर वाटतो.

हिशेब निम्मा खरा ठरला. सूतकताई प्रथम मेली, आणि ती मरतांना कोणास आवाज आला नाहीं. कारण ती बायकांची घरबसल्याची मिळकत होती. विधवेला, म्हातारीला तोच आधार. ज्या धंद्याला दुकान नाहीं, पेठ नाहीं, पंचायत नाहीं, त्याच्या मरणाची नोंद तरी कोण करणार? त्यानंतर पाळी आली जाडेंभरडें विणणाऱ्या महारांची. त्यांच्या कापडाची जागा गिरणीच्या स्वस्त मालानें घेतली, आणि त्यांतील अनेकांना मजुरीची वाट धरावी लागली. या स्थित्यंतराला दुसरीही बाजू आहे. गांवकीचें जोखड सैल होऊन हातांत रोख पगार आला. नागपुरांत १९४२ च्या परिषदेपासून १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत बाबासाहेबांच्या चळवळीमागें जें बळ उभें राहिलें, त्यांत या रोख पगाराचा वांटा लहान नसावा असें आम्हांस वाटतें.

परंतु कोष्टी मेला नाहीं. विणकरांचा सरसकट नाश झाला असें पुस्तकांत वाचून एखादा मनुष्य विसाव्या शतकाच्या आरंभीं नागपुरांत आला असता, तर येथील मागांची खटखट ऐकून गोंधळला असता. कोष्ट्यानें हातसूत सोडून गिरणीचें सूत धरलें, आणि माग तसाच ठेवला. त्याला तारलें तें कांठानें. उमरेडचें रेशीमकांठी धोतर किंवा करवती कांठाचें लुगडें घ्या. करवतीच्या दातांसारखी ती किनार विणतांना अंगाचा एक आणि दोन्ही कांठांचे दोन असे तीन धोटे चालवावे लागतात, आणि दर फेरीला कांठाचा धागा अंगाच्या धाग्यांत अडकवून परतवावा लागतो. मँचेस्टरच्या यंत्राला एकाच नमुन्याचें हजारों वार कापड हवें. येथें तर जात बदलली, जिल्हा बदलला, कीं कांठ बदलला. कोणता कांठ लग्नांत नेसावा, कोणता वडीलधाऱ्या बाईला शोभतो, हें प्रत्येक घरीं ठरलेलें. स्वस्ताईला तेथें शिरकाव नव्हता. कोष्ट्याचा तट जकातीनें बांधलेला नव्हता, तो बायकांच्या आवडीनिवडीनें बांधलेला होता.

जमशेटजी टाटा नागपुरास आले ते याच दोन गोष्टी जाणून: कापूस दाराशीं, आणि सुताला गिऱ्हाईक शेजारीं. १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याचा दिल्लींत पुकारा झाला त्याच दिवशीं, जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेवर एम्प्रेस मिल सुरू झाली. नांव राणीचें, पण शह तिच्याच लँकेशायरला! तेथील गिरण्या जुन्या चात्यांना चिकटून होत्या तेव्हां येथें रिंग चात्या फिरूं लागल्या. देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ सालीं साडेतीन टक्के अबकारी कर बसला, तो १९२५ पर्यंत हटला नाहीं, यावरून त्या शहाची धास्ती किती होती तें दिसतें. मागवाला आणि गिरणी यांना आम्ही वैरी समजतों. नागपुरांत मात्र बराच काळ एकाचें सूत दुसऱ्याच्या मागावर चढत होतें.

१९२० च्या डिसेंबरांत याच शहरांत काँग्रेसनें असहकाराचा ठराव कायम केला आणि चरखा पुन्हा घरांत आला. पुढें वर्धा तर त्याचें माहेरच झालें. ज्या चात्यावर आजी पोट भरीत होती, त्यावर नात देशकार्य करूं लागली. दोघींच्या सुतांत फरक होता तो आम्ही विसरूं नये.

कांठाचा तट पडला तो बाहेरच्या माऱ्यानें नव्हे. नऊवारी गेलें, सहावारी आलें. धोतर गेलें, विजार आली. कचेरीला निघालेल्या गृहस्थाला कोणी जबरदस्ती केली नव्हती. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ही गोष्ट आवडीच्या सदराखालीं दोन ओळींत संपते. पांचपावलीच्या आणि तांडापेठेच्या गल्ल्यांत ती दोन पिढ्यांचें आयुष्य खाऊन बसली. हातमाग यंत्रमागाला शरण गेला, यंत्रमाग बाहेरच्या मालाला. ज्या एम्प्रेस मिलनें हें सारें पाहिलें ती टाटांच्या हातून सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ सालीं कायमची बंद पडली. त्याच वर्षीं देशांत बीटी कापसाच्या बियाण्याला परवानगी मिळाली. रेल्वेच्या काळांत निर्यातीच्या ओढीनें वऱ्हाडांत तलम ‘बणी’ मागें पडून भरघोस पण जाडीभरडी ‘जरी’ कपाशी पसरली होती. या वेळीं फरक इतकाच कीं, बीं घरचें उरलें नाहीं, तें दरसाल दुकानांतून आणावें लागूं लागलें. भाव पूर्वीं लिव्हरपूल ठरवीत असे, आतां न्यूयॉर्ककडे पाहतात. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या आत्महत्यांविषयीं लिहितांना १८६५ ची ती मंदी कोणी आठवीत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

मध्यंतरीं आम्हीं इतवारींतील एका दुकानांत करवती कांठाचें नऊवारी मागितलें. दुकानदार वयस्क आणि आदबशीर. नऊवारी आतां सांगून विणवावें लागतें, महिना लागेल, असें तो म्हणाला. आणि आम्ही उठूं लागलों तेव्हां त्यानें एक सहावारी पुढें उलगडलें. कांठावर करवतीचे दांते अगदीं हुबेहूब होते. बोट फिरवून पाहिलें, तर ते छापलेले. माल कोठला म्हणून विचारलें, तेव्हां सुरतेचा, म्हणाला. बरोबरच्या बाईंनीं किंमत विचारली, आणि दोन घेतलीं.