पिक प्रमेय

चौकटींच्या कागदावर काढलेल्या बहुभुजाकृतीचे क्षेत्रफळ केवळ बिंदू मोजून देणारे प्रमेय. सर्व शिरोबिंदू आडव्या-उभ्या रेषांच्या छेदनबिंदूंवर (जालकबिंदूंवर) असावे लागतात आणि बाजूंनी एकमेकींना छेदता कामा नये. आकृतीच्या आत ‘आ’ व सीमेवर ‘सी’ जालकबिंदू असतील आणि एका चौकटीचे क्षेत्रफळ १ मानले, तर

क्षेत्रफळ = आ + सी/२ − १.

उदा., (०, ०), (६, २), (४, ५), (१, ३) या चौकोनाच्या आत १३ व सीमेवर ५ बिंदू आहेत; क्षेत्रफळ १३ + २½ − १ = १४½. अर्ध्याहून मोठा तुकडा पूर्ण चौकट धरायचा आणि लहान सोडून द्यायचा, या शालेय रीतीने उत्तर अदमासे येते. येथे ते नेमके मिळते.

तथापि प्रमेयाचे खरे स्थान क्षेत्रमापनापेक्षा संख्या सिद्धांतात आहे. सीमेवरील बिंदू मोजायला आकृतीही काढावी लागत नाही. प्रत्येक बाजूच्या दोन टोकांच्या क्ष-निर्देशकांतील आणि य-निर्देशकांतील फरकांचा मसावि काढून सर्व मसाविंची बेरीज केली की ‘सी’ मिळते. वरील चौकोनात पहिल्या बाजूसाठी ६ व २ यांचा मसावि २, उरलेल्या तिन्ही बाजूंसाठी प्रत्येकी १; एकूण ५. क्षेत्रफळ निर्देशकांच्या तिरप्या गुणाकारांनी स्वतंत्रपणे काढता येत असल्याने सूत्र उलटे वापरून, एकही बिंदू न मोजता, ‘आ’ ठरवता येते. क्षेत्रफळ नेहमी ½ च्या पटीत असते. त्यामुळे तिन्ही शिरोबिंदू जालकबिंदू असलेला समभुज त्रिकोण असूच शकत नाही: त्याच्या बाजूचा वर्ग पूर्णांक येतो, म्हणून क्षेत्रफळ √३ च्या परिमेय पटीत, म्हणजे अपरिमेय ठरते.

सिद्धता : ½ क्षेत्रफळाच्या त्रिकोणांत विभाजन करून, किंवा ऑयलर यांच्या सूत्रावरून.

गेओर्ग आलेक्सांडर पिक (१० ऑगस्ट १८५९–२६ जुलै १९४२) यांनी हे प्रमेय १८९९ मध्ये प्राग येथे प्रसिद्ध केले. जन्म व्हिएन्नाचा. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. आइन्स्टाइन यांची १९११ मध्ये तेथे नेमणूक झाली, त्या निवडसमितीत ते होते. रिची व लेव्ही-चिव्हिता यांच्या गणिताकडे आइन्स्टाइन यांचे लक्ष पिक यांनी वेधले, असे म्हटले जाते. १९२७ मध्ये निवृत्त होऊन ते व्हिएन्नाला परतले आणि १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर पुन्हा प्रागला आले. जुलै १९४२ मध्ये त्यांना टेरेझिनच्या छळछावणीत पाठवण्यात आले. तेथेच दोन आठवड्यांच्या आत त्यांचा मृत्यू झाला. विश्लेषणातील श्वार्ट्‌झ-पिक सिद्धांतही त्यांच्या नावाने ओळखला जातो. प्रस्तुत प्रमेय सर्वपरिचित झाले ते बऱ्याच उशिरा, मुख्यतः ह्यूगो स्टाइनहाउस यांच्या ‘मॅथेमॅटिकल स्नॅपशॉट्स’ या पुस्तकामुळे.

आकृतीच्या आत सीमेला न भिडणारी भोके असल्यास सूत्रात दर भोकामागे १ मिळवावा. त्रिमितीत मात्र केवळ बिंदू मोजून भागत नाही. जे. ई. रीव्ह यांनी १९५७ मध्ये (०, ०, ०), (१, ०, ०), (०, १, ०), (१, १, न) हे शिरोबिंदू असलेले चतुष्फलक दाखवले. ‘न’ हा कोणताही धन पूर्णांक घेतला तरी त्यात या चारांखेरीज एकही जालकबिंदू नसतो. घनफळ मात्र न/६, म्हणजे हवे तितके मोठे करता येते.