माणगा-बांबूची खुर्ची

दक्षिण कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या पश्चिम भागात वाढणाऱ्या माणगा या बिनकाट्याच्या बांबूपासून (शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्साय) घडवलेली आधुनिक धाटणीची खुर्ची. सिंधुदुर्ग जिल्ह्यात या कामाचे मुख्य केंद्र कुडाळ हे आहे.

माणगा शेताच्या बांधावर नि परड्याच्या कडेला वाढतो. केळीला टेकू, गरीची काठी, छत्रीचा दांडा ही त्याची जुनी कामे. काठी साधारण 3 ते 4 सेंमी जाड आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव असते. पोकळ बांबूला खिळा ठोकला की तो उभा चिरत जातो, कारण त्याचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात आणि लाकडात असतात तशा आडव्या पेशी त्यात नसतात. म्हणून बांबूची खुर्ची पूर्वी वेताने आवळून बांधत. माणग्याला मात्र पेराजवळ भोक पाडून दुसऱ्या काठीचे तासलेले टोक त्यात बसवता येते, वर बांबूचीच खुंटी ठोकता येते. या खुर्चीचे खरे नावीन्य इथे आहे. पाठीची कमान, तिरपे पाय, आचेवर वाकवलेले हात ही पाहणाऱ्याच्या डोळ्यात भरणारी सगळी नवलाई या सांध्याच्या जिवावर उभी असते.

संजीव कर्पे यांच्या पुढाकाराने 2004 साली कुडाळला कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर (कॉनबॅक) ही संस्था सुरू झाली आणि टोपल्या-सुपांपुरत्या राहिलेल्या बांबूला फर्निचर नि बांधकामाची वाट मिळाली. खाजगी जमिनीतला बांबू 2017 च्या दुरुस्तीपर्यंत वन कायद्याच्या लेखी ‘झाड’च होता. शास्त्राप्रमाणे तो गवत आहे.

काठीतल्या पिठूळ अंशावर भुंगेरा येतो. त्यामुळे ती बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून सावलीत वाळवतात. घाई केली तर काठी सांधा बसल्यावर आकसते आणि खुर्ची बसताक्षणी कुरकुरते. लोखंडी स्क्रू मालवणच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात. तिथे बांबूची खुंटी बरी.

फ्रेंच रचनाकार शार्लोट पेरियां हिने 1928 च्या आपल्या पोलादी नळीच्या आरामखुर्चीचे बांबूतले रूप 1940 मध्ये जपानात केले. त्यात बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांची लवचीकता कामाला लावली होती. माणग्याच्या खुर्चीत भर असतो तो अखंड काठीच्या ताठपणावर. शेजारच्या सावंतवाडीत लाकूड लाखेच्या रंगाखाली झाकले जाते. इथे पेरे उघडी ठेवतात, आणि तेच योग्य. प्रत्येक काठीची पेरे वेगळ्या अंतरावर येत असल्याने एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्याही तंतोतंत जुळत नाहीत.

पावसाळ्यात पडवीतल्या खुर्चीवर बुरशीची पांढुरकी साय धरते. ती कोरड्या फडक्याने पुसतात आणि उघाड पडली की खुर्ची उन्हाच्या कडेला, सावलीतच, वाऱ्यावर ठेवतात.