युद्धनौका आणि म्हातारपणाची भाकरी : स्वीडनमधील एक जुना वाद

स्वीडनमध्ये संरक्षणाचा खर्च आणि गोरगरिबांवरचा खर्च एकाच सरकारी तिजोरीसमोर आमनेसामने उभे राहिले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यापूर्वी सुमारे दोन शतके फौजेचा मोठा भार जमिनीवर होता. ‘इंडेल्निंग्सव्हेर्क’ या व्यवस्थेत काही शेतवाड्यांचा मिळून एक गट केला जाई, त्या गटाने एका शिपायाला झोपडी व जमिनीचा तुकडा पुरवावा आणि शिपायाने शांततेच्या काळात तेथेच शेती करून राहावे, असा करार असे. आपल्याकडील चाकरीच्या इनामाशी हिचे साम्य वरवरचेच म्हटले पाहिजे, कारण येथे शिपायाला पोसण्याची जबाबदारी थेट आसपासच्या शेतकऱ्यांवर होती. १९०१ मध्ये ही पद्धत मोडीत काढून सर्व तरुण पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली, तेव्हा फौज हा अंदाजपत्रकाचा विषय बनला. शिवाय ज्याच्या हाती बंदूक दिली त्याला मत का नाही, हा प्रश्नही उभा राहिला आणि ‘एक माणूस, एक बंदूक, एक मत’ ही घोषणा गाजू लागली.

१९०९ च्या सुधारणेने पुरुषांचा मताधिकार बराच रुंदावला आणि १९११ ची निवडणूक जिंकून उदारमतवादी नेते कार्ल स्टाफ पंतप्रधान झाले. आधीच्या लिंडमन सरकारने मंजूर करून घेतलेल्या नव्या चिलखती युद्धनौकेची बांधणी त्यांनी थांबवली. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होता आणि तेथील स्वायत्ततेची गळचेपी चालू असल्यामुळे रशियाचे भय स्वीडिश मध्यमवर्गात खोल रुजले होते. गावोगाव हिंडणाऱ्या रशियन करवतवाल्यांकडेसुद्धा, म्हणजे करवतींना धार लावून पोट भरणाऱ्या फिरत्या कारागिरांकडे, लोक हेर म्हणून पाहत. तिबेट आणि सिंधूचा उगम धुंडाळणारे प्रवासी म्हणून भारतात परिचित असलेले स्वेन हेडिन यांनी १९१२ मध्ये या भयाला शब्द देणारी एक पुस्तिका लिहिली व तिच्या दहा लाख प्रती छापल्या गेल्या. त्याच वर्षी युद्धनौकेसाठी लोकवर्गणी सुरू झाली आणि काही महिन्यांतच दीड कोटी क्रोनरहून अधिक रक्कम जमली, तेव्हा सरकारला ती स्वीकारून नौका बांधणे भाग पडले. ज्यांनी वर्गणी भरली त्यांनी आपला पैसा स्वखुशीने दिला, हे खरे. पण राष्ट्राने कशावर खर्च करावा हे मतपेटीऐवजी वर्गणीच्या यादीने ठरवण्याचा हा पायंडा फारसा निरोगी नव्हता.

याच स्टाफ सरकारने मे १९१३ मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदा मंजूर करून घेतला. विशिष्ट कामगारवर्गापुरता विमा न ठेवता जवळजवळ सर्व प्रजेला कवेत घेणारा हा जगातील पहिला असा कायदा मानला जातो. त्याचे दोन भाग होते : प्रत्येकाने वर्गणी भरून मिळवायचे वेतन आणि काम करण्यास असमर्थ झालेल्या गरिबांना सरकारी तिजोरीतून मिळणारी पूरक रक्कम. रक्कम तुटपुंजी होती आणि स्त्रियांच्या वाट्याला पुरुषांपेक्षा कमी येई, तरीही अन्नछत्राची भीक आणि कायद्याने मिळालेला हक्क यांतील अंतर कोणत्याही वृद्धाला कळण्यासारखे होते. कायदा १ जानेवारी १९१४ रोजी अमलात आला.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, ६ फेब्रुवारीला, तीस हजारांहून अधिक शेतकरी स्टॉकहोमच्या राजवाड्याच्या चौकात जमले. पायदळाच्या प्रशिक्षणाची मुदत वाढवण्याचा प्रश्न निवडणुकीपर्यंत लांबवू नये, ही त्यांची मागणी होती आणि राजा पाचवा गुस्ताव याने तिला जाहीर पाठिंबा दिला. ते भाषण मुख्यतः हेडिन यांनी लिहिले होते व मंत्रिमंडळाला न विचारता केले गेले होते. दोन दिवसांनी कामगारांचा मोर्चा सरकारच्या बाजूने निघाला, परंतु स्टाफ यांनी राजीनामा दिला, कारण राजाने मंत्र्यांवाचून धोरण जाहीर करायचे ठरवले तर संसदेला अर्थ उरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. तोफ आणि भाकरी यांचे गणित या भांडणात होतेच. पण खरा सल, निवड करण्याचा अधिकार कोणाचा आणि पैसा कोणाच्या खिशातून, हाच होता. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटल्यावर उदारमतवाद्यांनीही प्रशिक्षणाची वाढ मान्य केली आणि तिच्या खर्चासाठी मोठ्या उत्पन्नावर व संपत्तीवर एकवेळचा चढता कर बसला, तेव्हा निदान दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

युद्ध स्वीडनपर्यंत आले नाही, पण भूक आली. स्टाफ यांच्या जागी आलेले यालमार हामारशोल्ड, म्हणजे पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेल्या दाग यांचे वडील, अन्नटंचाईमुळे ‘हुंगरशोल्ड’ ठरले (‘हुंगर’ म्हणजे भूक) आणि मार्च १९१७ मध्ये पायउतार झाले. १९३६ मध्ये पेर आल्बिन हान्सन यांच्या समाजवादी सरकारने संरक्षणखर्चातील वाढीशी वृद्धांच्या वेतनवाढीची सांगड घातली, ती संसदेत फसल्याने सत्ता सोडली आणि सप्टेंबरच्या निवडणुकीनंतर शेतकरी पक्षाला सोबत घेऊन ती परत मिळवली.

वर्गणीतून बांधलेली ‘स्व्हेरिये’ ही नौका १९१७ मध्ये सेवेत आली आणि १९५३ मध्ये निवृत्त झाली. एवढ्या काळात तिला एकही लढाई लढावी लागली नाही.